रमजानचा चाँद आणि पहिली रात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाबान (रमजानच्या आधीचा महिना) संपत आला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही रोजेदारांचे असतात, काही शेजाऱ्यांचे, काही सोसायटीच्या सेक्रेटरींचे. उत्तरं महाराष्ट्रातल्या प्रथेला धरून दिली आहेत. बराचसा गोंधळ एकाच गोष्टीतून होतो. रमजानची सुरुवात आदल्या संध्याकाळी पक्की होते, त्याआधी नाही. म्हणून काहीही ठरवताना दोन तारखा हाताशी ठेवा.

१. रमजान नेमका कोणत्या तारखेला लागतो? आधीच का सांगत नाहीत?

रमजान हा हिजरी (इस्लामी) सनाचा नववा महिना. हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. २८ चा नाही आणि ३१ चाही नाही. त्याआधीचा महिना शाबान. शाबानच्या २९ तारखेला सूर्य मावळल्यावर चंद्रकोर दिसली तर त्या संध्याकाळपासूनच रमजान लागला आणि दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. नाही दिसली तर शाबानचे ३० दिवस पुरे करायचे आणि रोजा एक दिवस पुढे. ३० शाबानला चाँद शोधायचीही गरज उरत नाही, कारण दुसऱ्या दिवशी रमजान असणारच.

त्यामुळे तारीख अगदीच अधांतरी नसते, दोनांपैकी एक असते. भारतात बहुतेक ठिकाणी पहिला रोजा २०२३ साली २४ मार्चला, २०२४ साली १२ मार्चला आणि २०२५ साली २ मार्चला झाला. महाराष्ट्रात या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते. ती ईदला असते.

२. पण कॅलेंडरवर तर तारीख छापलेली असते. ती चुकीची का?

चुकीची नाही, अंदाजाची. कॅलेंडर छापखान्यात जातं तेव्हा रमजान कित्येक महिने लांब असतो. अमावास्या किती वाजून किती मिनिटांनी संपते हे गणिताने अचूक सांगता येतं. पंचांगात ‘चंद्रदर्शन’ म्हणून जो दिवस दिलेला असतो तोही बहुतेक वेळा जुळतो. पण त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग असतील का, धूळ असेल का, हे पंचांगाला ठाऊक नसतं. आणि इथे कोर डोळ्यांना दिसणं महत्त्वाचं.

फोनमधल्या हिजरी तारखेबद्दलही बरेच जण विचारतात. बहुतेक ॲप सौदी अरेबियाची उम्म-अल-कुरा दिनदर्शिका वापरतात आणि आपली तारीख तिच्यापेक्षा बहुधा एकाने मागे असते. सेटिंगमध्ये हिजरी तारीख पुढे-मागे करायची सोय असते, तिथे एक दिवस वजा करा. तरीही दर महिन्याला ताडून पाहावं लागतं.

३. त्या संध्याकाळी कशानंतर काय होतं? आणि तरावीह (रमजानमधली खास रात्रीची नमाज) आधी, रोजा नंतर, असं का?

इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्र आधी येते, तिचा दिवस मागून. म्हणून रमजानची पहिली रात्र पहिल्या रोजाच्या आधी येते.

मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजची) अजान झाली की लोक गच्चीवर, मैदानात, किनाऱ्यावर जाऊन पश्चिमेकडे पाहतात. तिकडे हिलाल (चाँद) कमिटीचे उलेमा (धर्मपंडित) बसलेले असतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुमा मशिदीतली बैठक जुनी आणि सर्वांच्या माहितीची. गावोगावहून फोन येतात, साक्षी तपासल्या जातात आणि निर्णय जाहीर होतो. मग मशिदींतून घोषणा, गळाभेटी, ‘चाँद मुबारक’. इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर त्याच रात्री पहिली तरावीह. बाजारात शेवया, खजूर, टोप्या, अत्तर यांच्या दुकानांवर एकच झुंबड उडते. पहाटे सहेरी (रोजाआधीचं खाणं), सुबह सादिक (पहाटेचा पहिला उजेड) झाली की रोजा सुरू.

यात घोळ होतो तो घोषणा लांबली की. इशाची जमात (सामूहिक नमाज) उभी राहायची वेळ होते आणि निर्णय आलेला नसतो. अशा वेळी इमाम जमात थोडी पुढे ढकलतात, किंवा इशा आटपून लोकांना थांबायला सांगतात. तरावीहची वेळ इशानंतर थेट पहाटेपर्यंत असते, त्यामुळे बातमी साडेदहाला आली तरी तरावीह बुडत नाही. वित्र (रात्रीची शेवटची नमाज) पढून झाली असली तरी हनफी (सुन्नी धर्मशास्त्राची एक शाखा) मतानुसार त्यानंतर तरावीह होते.

४. चाँद बघायचा कसा? दरवर्षी गच्चीवर जातो आणि काही सापडत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फार लवकर पाहून फार लवकर खाली उतरणं. सूर्य बुडाल्याबरोबर आकाश इतकं उजळ असतं की पहिली कोर त्यात हरवून जाते. जास्त थांबलात तर ती क्षितिजाजवळच्या धुरकट पट्ट्यात शिरते. मधली वेळ काढायची सोपी रीत आहे. सूर्यास्त आणि चंद्रास्त यांत किती मिनिटांचं अंतर आहे ते बघा, त्याचे नऊ भाग करा आणि सूर्यास्तानंतर चार भाग उलटले की नीट पाहा. अंतर ४५ मिनिटांचं असेल तर सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी. दोन्ही वेळा पंचांगात किंवा हवामानाच्या ॲपवर मिळतात.

जागा अशी हवी की पश्चिमेचं क्षितिज मोकळं दिसेल. सूर्य जिथे मावळला ती खूण डोळ्यांत धरा. इमारतीचा कोपरा, टॉवर, काहीही. कोर त्या खुणेच्या वर किंवा किंचित डावी-उजवीकडे असते. हात ताणून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश व्यापते. पहिली कोर बहुतेकदा क्षितिजापासून मुठीच्या आत-बाहेरच असते, डोक्यावर कधीच नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातून ही कोर होडीसारखी आडवी दिसते, टोकं वर. उजेडाची कड नेहमी बुडालेल्या सूर्याकडे असते. टोकं सूर्याकडे वळलेली दिसली तर तो चंद्र नाही, ढगाची कड किंवा विमानाची रेघ आहे. ठिपक्यासारखं लखलखीत काही दिसलं तर तो बहुधा शुक्र.

दुर्बिणीने जागा लवकर सापडते. ७×५० किंवा १०×५० पुरते. पण सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नका. सूर्याची कड क्षणभर जरी भिंगातून डोळ्यात गेली तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांच्या हातात दुर्बीण देताना हे आधी सांगा.

५. मला खरंच चाँद दिसला. आता कोणाला कळवू?

आधी जवळच्याला दाखवा. दोघांना दिसला तर साक्ष भक्कम होते आणि मनातली शंकाही जाते. मग लगेच मोहल्ल्याच्या मशिदीत जा. इमाम किंवा ट्रस्टी शहराच्या कमिटीला कळवतात. नुसतं व्हॉट्सॲप गटावर टाकून मोकळं होऊ नका.

कमिटी जे विचारते त्याची तयारी असू द्या: किती वाजता दिसला, कुठून पाहिला, सूर्य बुडाला तिथून डावीकडे की उजवीकडे, किती वर, टोकं कोणत्या बाजूला होती, किती वेळ दिसला, बरोबर कोण होतं, चष्मा आहे का. प्रश्न आडवेतिडवे असतात, त्यात अपमान मानायचं कारण नाही. खरी कोर पाहिलेला माणूस टोकांची दिशा न अडखळता सांगतो. ज्याने भास पाहिला तो तिथेच गडबडतो. खगोलगणितानुसार चंद्र सूर्याच्या आधीच मावळला असेल आणि तरी साक्ष आली असेल, तर बहुतेक उलेमा आता ती धरत नाहीत.

६. एकट्यानेच पाहिला असेल तर साक्ष धरतात का?

रमजान लागण्यासाठी धरता येते, ईदसाठी नाही. हनफी फिकहानुसार (धर्मशास्त्रानुसार) आकाश ढगाळ असेल तर रमजानसाठी एका विश्वासू मुसलमानाची साक्ष पुरते, पुरुष असो वा स्त्री. ईदसाठी मात्र दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया लागतात. आकाश स्वच्छ असेल तर नियम कडक होतो. सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले असताना एकालाच कसा दिसला, हा रास्त प्रश्न आहे, म्हणून तेव्हा बऱ्याच जणांची साक्ष मागतात. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई (सुन्नींचीच दुसरी शाखा) आहेत. शाफई मतात रमजानसाठी एका सचोटीच्या पुरुषाची साक्ष चालते.

आणि कमिटीने साक्ष नाकारली पण पाहणाऱ्याची स्वतःची खात्री असेल तर? त्याने स्वतः रोजा ठेवायचा. इतरांवर तो लागू होत नाही.

७. व्हॉट्सॲपवर चाँदचा फोटो आणि लेटरहेडवरची घोषणा आली आहे. धरायची का?

फोटो धरू नका. तो कुठला, कोणत्या वर्षीचा, किती झूम केलेला, काही कळत नाही. त्यातून तिथीही सिद्ध होत नाही. फोटो काढणाऱ्याने समोर येऊन किंवा ओळखीच्या आलिमला (धर्मपंडिताला) फोन करून सांगितलं तर त्याच्या सांगण्याला किंमत आहे.

लेटरहेडचं दुखणं वेगळं. दरवर्षी कुणीतरी मागल्या सालचं पत्र पुढे ढकलतं. तीन गोष्टी बघा: हिजरी साल, वार आणि तारीख यांचा मेळ, आणि पत्र कोणत्या शहराच्या कमिटीचं. वार-तारीख जुळत नसेल तर पत्र जुनं. ‘चाँद दिसला नाही’ हे पत्र सात वाजता आलं आणि ‘दिसला’ हे नऊ वाजता, असंही घडू शकतं, कारण लांबच्या गावची साक्ष उशिरा पोचते. शेवटचा शब्द आपल्या मशिदीचा.

८. सौदीत आज रमजान लागला, आपल्याकडे उद्या. चंद्र तर एकच आहे ना?

चंद्र एकच, पण सूर्यास्त एक नाही. मुंबईत सूर्य मक्केच्या सव्वादोन तास आधी मावळतो. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सूर्यापासून दूर सरकतो, म्हणजे मक्केच्या संध्याकाळी तो आपल्यापेक्षा एक अंशाहून थोडा जास्त लांब गेलेला असतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सूर्यापासूनचं अंतर ७ अंशांच्या खाली असेल तर कोर बनतच नाही आणि नुसत्या डोळ्यांना दिसायला त्याहून बरंच अंतर लागतं. अशा काठावरच्या संध्याकाळी एक अंशाने फरक पडतो.

दुसरं कारण पद्धतीचं. सौदीत तिथलं सर्वोच्च न्यायालय साक्षी घेऊन घोषणा करतं. भारतातल्या कमिट्या इथल्या क्षितिजावरची साक्ष मागतात. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी आपण सौदीच्या एक दिवस मागे होतो, पण हा नियम समजू नका. केरळमध्ये काझी स्वतंत्रपणे निर्णय देतात, त्यामुळे देशातही कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो.

९. इतकं गणित येत असताना डोळ्यांनी बघायचा हट्ट कशाला?

कारण हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) ‘चाँद पाहून रोजा धरा, चाँद पाहून सोडा, ढग असतील तर तीस पुरे करा’ असं स्पष्ट आहे आणि बहुतेक सुन्नी उलेमा त्याचा अर्थ प्रत्यक्ष पाहणं असाच घेतात. सगळे मुस्लिम देश मात्र एका मार्गाने जात नाहीत. तुर्कस्तान पूर्ण गणितावर चालतो. इंडोनेशिया, मलेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूर यांनी चंद्र किमान ३ अंश उंच आणि सूर्यापासून ६.४ अंश दूर हवा अशी मर्यादा ठरवली आहे. भारतात गणिताचा उपयोग अशक्य साक्ष बाजूला काढण्यापुरता होतो (प्रश्न ५). गणिताने ‘दिसू शकतो’ म्हटलं म्हणून महिना लागत नाही.

१०. आमच्या इमारतीतले बोहरी शेजारी एक-दोन दिवस आधीच रोजे सुरू करतात. त्यांना चाँद आधी दिसतो का?

ते चाँद पाहून महिना लावतच नाहीत. दाऊदी बोहरा समाज फातिमी काळापासूनची ठरलेली दिनदर्शिका वापरतो. बोलण्यात तिला मिसरी (इजिप्तचं) कॅलेंडर म्हणतात. तीत विषम क्रमांकाचे महिने ३० दिवसांचे आणि सम क्रमांकाचे २९ चे. ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षं अशी की शेवटच्या महिन्याला एक दिवस जास्त मिळतो. शाबान आठवा, म्हणून कायम २९ चा. रमजान नववा, म्हणून कायम ३० चा. त्यांची तारीख कित्येक वर्षं आधी सांगता येते. सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘रमजान प्रारंभ’ लिहिताना दोन्ही तारखा लिहिल्या तर कुणाला वाईट वाटत नाही.

११. रमजान दरवर्षी मागे का सरकतो? आणि अलीकडे होळी रोजांतच का येते?

बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सौर वर्षापेक्षा हे ११ दिवसांनी कमी, म्हणून रमजान इंग्रजी तारखेने दरवर्षी १०–११ दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर जानेवारीत एक रमजान लागेल आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा.

मराठी महिनेही चंद्राचेच, फक्त आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक मास घालून गाडी ऋतूंवर परत आणतो. हिजरी सनात अधिक मास नाही. म्हणून प्रत्येक अधिक मासागणिक रमजान एक मराठी महिना मागे जातो. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि दोनच दिवसांनी पहिला रोजा, म्हणजे रमजान चैत्रात. त्याच वर्षी अधिक श्रावण आला आणि २०२४ चा रमजान फाल्गुनात गेला. फाल्गुन पौर्णिमा म्हणजे महिन्याचा मध्य, म्हणून २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी धुळवड तेराव्या-चौदाव्या रोजाला आली. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर रमजान माघात सरकतो आणि होळीची ही गाठ सुटते. कॅलेंडर हातात घेऊन एकदा ताडून पाहा, दोन्ही पंचांगं किती जवळची आहेत ते कळतं.

१२. तरावीहला किती वेळ लागतो? पहिल्या रात्री गर्दी का उसळते?

हनफी आणि शाफई मशिदींत २० रकात (नमाजची आवर्तनं), दोन-दोनच्या जोडीने, दर चारनंतर थोडी विश्रांती. अहले हदीस पंथाच्या मशिदींत बहुधा ८. इशा आणि वित्र धरून सव्वा ते पावणेदोन तास. हाफिज (कुराण पाठ असलेले) रोज साधारण सव्वा पारा (कुराणाचा तिसावा भाग) म्हणतात, त्यामुळे ३० पारे सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत पुरे होतात. व्यापारी भागात दहा दिवसांत कुराण पूर्ण करणाऱ्या तरावीहही असतात. तिथे रात्रीचे तीन पारे होतात आणि वेळ त्या मानाने वाढते.

पहिल्या रात्री सगळेच येतात, वर्षभर न दिसणारेही. आठवड्याभराने सफा (नमाजच्या रांगा) विरळ होतात, हे प्रत्येक ट्रस्टी जाणून असतो. म्हणून जादा चटयांचा आणि पाण्याचा बंदोबस्त पहिल्या तीन-चार रात्री, २७ वी रात्र आणि जुम्मे (शुक्रवार) एवढ्यांसाठी केला तरी भागतं.

१३. मोहल्ल्यात स्वागताचा कार्यक्रम ठेवायचा आहे: रोषणाई, शरबत, थोडी भाषणं. कशी आखणी करावी?

परवानगीच्या अर्जात दोन्ही तारखा लिहा. एकच तारीख लिहिली आणि चाँद दिसला नाही की दुसऱ्या दिवशी मंडप बेकायदा ठरतो आणि धावपळ सुरू होते. रस्त्यावर काही उभारायचं असेल तर महापालिका किंवा नगरपरिषद, वाहतूक शाखा आणि पोलीस ठाणं या तिन्ही ठिकाणी जावं लागतं. मंडपवाल्याशी आणि साऊंडवाल्याशीही बोलून ठेवा की तारीख एक दिवस सरकली तर जादा भाडं लागणार नाही. हे तोंडी न ठेवता बिलावर लिहून घ्या.

वेळ फार थोडी असते. मगरिब आणि इशा यांच्यात सव्वा तास, त्यातला अर्धा चाँदच्या वाट पाहण्यात जातो. त्यामुळे भाषणं एकूण पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका, नाहीतर लोक भाषण चालू असतानाच इशाला उठून जातात आणि वक्ता एकटा उरतो. शरबत आधीच ओतून ठेवू नका. चाँद दिसला नाही तर ते टाकावं लागतं. साखरेचा पाक तयार ठेवून घोषणेनंतर पाणी आणि बर्फ घालावं.

बाहेर नमाजची व्यवस्था असेल तर एका माणसाला साधारण २ फूट बाय ४ फूट धरा. ५०० जणांना ४००० चौरस फूट आणि वर येण्याजाण्याच्या वाटा. महाराष्ट्रातून किब्ला (नमाजची, म्हणजे मक्केची दिशा) सरळ पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून गावाप्रमाणे सुमारे ७ ते १५ अंश उत्तरेकडे आहे. सतरंज्या रस्त्याच्या रेषेत अंथरल्या की सफा वाकड्या होतात आणि ऐन जमातीच्या वेळी सगळं उचलून फिरवावं लागतं. दुपारीच दोरी लावून खडूने रेघा मारून घ्या. रुग्णवाहिका जाईल एवढी एक बाजू मोकळी ठेवा.

आणि पोस्टरवर ‘चाँदरात’ लिहू नका. आपल्याकडे तो शब्द ईदच्या आदल्या रात्रीला बसला आहे. लोक महिनाभराने येतील.

१४. लाउडस्पीकर आणि फटाके किती वाजेपर्यंत चालतात?

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. राज्य शासन वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ते कोणते, हे दरवर्षी जाहीर होतं; रमजानची पहिली रात्र त्यात असेलच असं गृहीत धरू नका. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. आवाजाचे फटाके रात्री दहानंतर वाजवता येत नाहीत आणि शांतता क्षेत्रात कधीच नाहीत. मशिदीच्या आत, आतल्यांना ऐकू येण्यापुरता स्पीकर असेल तर तरावीहला अडचण येत नाही. बाहेरचे भोंगे बंद करायचे.

सहेरीला उठवण्यासाठी पहाटे भोंगा लावणं याच नियमात अडकतं. आता प्रत्येकाच्या उशाशी फोन असताना त्याची गरजही राहिलेली नाही.

१५. मी मुस्लिम नाही. त्या रात्री गेलो तर चालेल का? काय म्हणायचं?

चालेल. ‘रमजान मुबारक’ किंवा ‘चाँद मुबारक’ म्हणा. ‘ईद मुबारक’ नको, ती महिन्याने. चाँद दिसल्याची घोषणा होण्याआधी शुभेच्छा पाठवल्या तर समोरचा हसून घेतो, पण थोडं थांबलेलं बरं. घरी जाताना खजुराचा डबा न्या. इशा-तरावीहच्या वेळेत फोन करू नका, उचलला जाणार नाही. मशिदीत आत जायचं असेल तर आधी ओळखीच्या माणसाला विचारा, अंगभर कपडे घाला, चपला काढून हातात घ्या किंवा रॅकवर ठेवा आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. फोटो बाजारात काढा, सफांचे नको.

१६. मोहम्मद अली रोडची खाऊगल्ली पहिल्याच रात्री चालू असते का?

असते, पण रंगात आलेली नसते. मिनारा मशिदीच्या भोवतालचे स्टॉल पहिल्या रात्री अर्धवट मांडलेले असतात, कारण दुकानदारही चाँदची वाट पाहत असतात. मालपुआ, फिरनी, नळी निहारी यांसाठीच जायचं असेल तर चार-पाच रोजे होऊ द्या. इफ्तारच्या आधी जाऊन ताटकळण्यापेक्षा तरावीह सुटल्यावर, दहाच्या पुढे जा. गाडी नेऊ नका; मस्जिद बंदर किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून चालत पोचता येतं.

१७. मुंबईचा सहेरी-इफ्तारचा तक्ता नागपूरला चालतो का?

अजिबात नाही, आणि ही चूक पहिल्याच दिवशी होते, कारण तक्ता कुणीतरी मुंबईहून पाठवलेला असतो. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिथे सगळं सुमारे २५ मिनिटं आधी होतं. मुंबईच्या वेळेने इफ्तार केला तर फक्त उशीर होतो. पण मुंबईच्या वेळेने सहेरी संपवली तर नागपुरात पहाट होऊन गेलेली असते आणि तो रोजा होत नाही. पुण्याचा फरक चारेक मिनिटांचा आहे. सुबह सादिक आपल्याकडे सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी होते. तक्त्यावर दिलेली वेळ ही खाणं थांबवण्याची शेवटची मर्यादा आहे, शेवटचा घास घ्यायची नव्हे.

१८. रात्री लवकर झोपलो. सकाळी उठल्यावर कळलं की चाँद दिसला होता. आता?

उठल्यापासून काही खाल्लं-प्यायलं आहे का, त्यावर आहे. नसेल, तर हनफी मतानुसार दुपारच्या आधी, म्हणजे पहाट ते सूर्यास्त या काळाच्या निम्म्याच्या आत, निय्यत (रोजाचा संकल्प) केली तर रोजा होतो. शाफई मतात फर्ज (बंधनकारक) रोजाची निय्यत रात्रीच व्हायला हवी. कोकणातल्या मंडळींनी म्हणूनच आधल्या रात्री बातमीची वाट पाहावी. सकाळी कळलं तर दिवसभर खाणंपिणं थांबवायचं आणि नंतर एक कजा (भरपाईचा) रोजा ठेवायचा.

चहा घेऊन झाला असेल तर दोन्ही मतांत उत्तर एकच: कळल्या क्षणापासून थांबा, नंतर एक कजा. कफ्फारा (प्रायश्चित्त) नाही, कारण जाणूनबुजून मोडलेला नाही.

याच्या उलट, बातमी नसताना ‘असेल कदाचित’ म्हणून ३० शाबानला रमजानचा रोजा ठेवणं बरोबर नाही. शंकेच्या दिवसाचा रोजा हदीसने नापसंत केला आहे.

१९. आमच्या शहरात दोन मशिदींनी दोन वेगळ्या घोषणा केल्या. कोणाचं ऐकू?

ज्या मशिदीच्या जमातीत वर्षभर नमाज पढता, तिचं. वेगवेगळ्या मसलकांच्या (पंथांच्या) कमिट्या वेगळ्या आहेत आणि बाहेरगावची साक्ष किती धरायची यावर त्यांच्यात मतभेद आहेत. अर्ध्या घराचा रोजा आज आणि अर्ध्याचा उद्या असं करू नका. तसंच, रोजा एका कमिटीच्या घोषणेवर आणि ईद दुसरीच्या, अशी सोयीची निवड केली की २८ किंवा ३१ चा घोळ होतो.

२०. मी दुबईहून रमजानच्या मध्यात गावी येतो. माझे ३१ रोजे होतील का?

होऊ शकतात. नियम असा: जिथे आहात तिथल्या लोकांबरोबर रोजा आणि त्यांच्याबरोबर ईद. २०२४ साली दुबईत ११ मार्चला रोजे सुरू झाले आणि भारतात ईद ११ एप्रिलला झाली. तिकडे सुरुवात करून इकडे ईद केली त्यांचे ३१ झाले. जास्तीचा एक रोजा ठेवायचाच, आपली ईद एकट्याने आधी करायची नाही.

उलटा प्रवास जास्त अडचणीचा. २०२५ साली भारतात २ मार्चला सुरू करून जो दुबईला गेला त्याला ३० मार्चची ईद मिळाली, म्हणजे हाती २८ च रोजे. महिना २९ पेक्षा कमीचा असत नाही, म्हणून त्याने लोकांबरोबर ईद करायची आणि नंतर एक रोजा कजा ठेवायचा. प्रवासाच्या दिवशी रोजा सोडायची सवलत वेगळी आहे. तो सोडलेला रोजाही या हिशेबात वेगळा मोजून भरायचा.